डॉ. जेन्नर यांचं घर, बार्कली: पुण्याहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवीच्या रोगावर लस देण्याची पद्धत ज्यांनी रूढ केली, त्या डॉ. एडवर्ड जेन्नर यांचं राहतं घर आज संग्रहालय आहे. इंग्लंडमध्ये मुलाकडे, लेकीकडे महिना-दोन महिने राहायला जाणारे बरेच पुणेकर एक दिवस तिकडे काढायचा बेत करतात आणि सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. घर लहान आहे, भपका अजिबात नाही. काय बघायचं हे ठाऊक नसेल तर पाऊण तासात ‘झालं एवढंच?’ म्हणत बाहेर पडाल. म्हणून इथे प्रवासाइतकीच जागा आतल्या वस्तूंना आणि त्यामागच्या वैद्यकाला दिली आहे.

घर नेमकं कुठे आहे?

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला ग्लॉस्टरशर परगण्यात, ब्रिस्टल आणि ग्लॉस्टर या दोन शहरांच्या साधारण मधोमध बार्कली नावाचं गाव आहे. लंडनपासून अंतर सुमारे १८५ किलोमीटर. घराचं नाव ‘द चँट्री’, गल्लीचं नाव चर्च लेन. एका अंगाला चर्च आणि पलीकडे बार्कलीचा किल्ला.

नावाचा घोळ आधीच मिटवून घ्या. नकाशात नुसतं ‘बर्कली’ टाकलं की फोन कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाकडे किंवा लंडनच्या मेफेअरमधल्या चौकाकडे नेतो. ‘डॉ. जेन्नर्स हाउस’ असं इंग्रजीत पूर्ण टाका. आणि तिकडे तोंडी विचारताना ‘बार्कली’ म्हणा. ‘बर्कली’ म्हटलं तर बसचा चालक क्षणभर गोंधळतो.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल ते सप्टेंबर हा भरवशाचा काळ. हिवाळ्यात घर बंद असतं आणि उन्हाळ्यातही आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं. उघडे वार दरवर्षी बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या शेजाऱ्यांनी सांगितलेला वार धरून निघू नका. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचे वार पाहा आणि मगच रेल्वेचं तिकीट काढा. उलट क्रमाने केलं की तिकिटाचे पैसे जातात, कारण स्वस्त आगाऊ तिकीट परत होत नाही.

किल्ल्याचे वार वेगळे असतात. दोन्ही बघायचं असेल तर दोन्हीकडे उघडा असलेला वार शोधा. नाहीतर एक बघून होतं आणि दुसऱ्याचं फाटक बाहेरून बघावं लागतं.

पुण्याहून तयारी काय लागते?

पर्यटक व्हिसा पुरतो. अर्जाची कागदपत्रं आणि बोटांचे ठसे पुण्यातल्याच केंद्रात देता येतात, मुंबईला खेपा घालायची गरज नाही. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात; मे-जूनमध्ये जायचं असेल तर मार्चमध्येच हलवा, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीची गर्दी तेव्हा सुरू होते. पुण्याहून लंडनला थेट विमान नाही, मुंबई किंवा दिल्लीमार्गे जावं लागतं.

सामानाबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे न्यायला बंदी आहे. बाकरवडी, चिवडा, शंकरपाळे खुशाल न्या. पेढे, खवा, चक्का, तूप नको. ताजी फळं-भाजी न्यायची असेल तर वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो का ते आधी पाहून घ्या; लागत असून तो नसला की माल विमानतळावरच काढून घेतात. घरून आणलेला खाऊ कचऱ्यात जाताना बघणं कुणालाही सोसत नाही.

लंडनहून एका दिवसात जाऊन येता येतं का?

येतं, पण सकाळी लवकर निघालात तरच. पॅडिंग्टनहून ब्रिस्टल पार्कवेपर्यंतची गाडी दीड तासाच्या आत पोचवते. तिथे गाडी बदलून ग्लॉस्टरकडे जाणाऱ्या लोकलने ‘कॅम अँड डर्सली’ या छोट्या स्टेशनावर उतरायचं, आणखी वीस-पंचवीस मिनिटं. पॅडिंग्टनहून थेट ग्लॉस्टरला जाऊन तिकडून उलट येता येतं, पण तो वळसा आहे.

खरी अडचण शेवटच्या नऊ-दहा किलोमीटरांत आहे. कॅम अँड डर्सलीला उतरलात की बाहेर रिक्षा स्टँड असेल असं मनात धरू नका. टॅक्सी आदल्या दिवशी फोन करून ठरवावी लागते, आणि ठरवताना परतीचीही वेळ सांगून टाकावी. ग्रामीण बस आहेत, पण मोजक्या. रविवारी तर फारच कमी. बार्कलीजवळून जाणाऱ्या शार्पनेसच्या रेल्वे फाट्यावरची प्रवासी गाडी १९६४ साली बंद झाली. जुन्या पुस्तकातला नकाशा बघून ‘बार्कली स्टेशन’ शोधत बसू नका.

हीथ्रोवर उतरून थेट तिकडे जायचं असेल तर लंडन शहरात शिरायची गरज नाही. विमानतळावरून रेडिंग स्टेशनला बस सुटते आणि रेडिंगहून पार्कवेची गाडी मिळते. हीथ्रोहून ब्रिस्टलला थेट लांब पल्ल्याच्या बसही आहेत. वेळ जास्त, पैसे कमी.

मोटार मिळत असेल तर मात्र तीच घ्या. एम ५ महामार्गावरून १३ किंवा १४ क्रमांकाच्या फाट्याला उतरलं की ए ३८ वरून बार्कली जवळ आहे. गाडी डावीकडूनच चालते, आणि आपलं भारतीय लायसन्स तिथे गेल्यापासून बारा महिने चालतं.

रेल्वेचं तिकीट स्वस्तात कसं मिळतं?

तीन प्रकार लक्षात ठेवा. ‘ॲडव्हान्स’ तिकीट सगळ्यांत स्वस्त, पण ते त्याच गाडीचं. गाडी चुकली की तिकीट वाया. ‘ऑफ-पीक’ तिकीट थोडं महाग, पण गर्दीची वेळ सोडून कुठल्याही गाडीत चालतं. ‘एनीटाइम’च्या वाटेला जाऊ नये. जाताना ॲडव्हान्स आणि येताना ऑफ-पीक ही जोडी या सहलीला बरी पडते, कारण परतीच्या टॅक्सीचा भरवसा नसतो.

तीन ते नऊ मोठी माणसं एकत्र असतील तर गर्दीच्या वेळेबाहेर एक तृतीयांश सूट मिळते. साठी ओलांडलेल्यांना सीनियर रेलकार्ड काढता येतं. त्याला तिथलं नागरिकत्व लागत नाही, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो. महिनाभर राहून दोन-तीन लांबचे प्रवास करणार असाल तर कार्डाचे पैसे वसूल होतात.

जेन्नर नक्की कोण होते? डॉक्टर की शास्त्रज्ञ?

खेड्यातले डॉक्टर. जन्म १७ मे १७४९, बार्कलीतच. लंडनला दोन वर्षं सेंट जॉर्जेस रुग्णालयात जॉन हंटर या शल्यचिकित्सकाच्या हाताखाली शिकले आणि पुन्हा गावी येऊन दवाखाना चालवू लागले. दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीतून आलेले प्राणी-वनस्पतींचे नमुने लावायला त्यांनी मदत केली. दुसऱ्या सफरीला चला म्हणून बोलावणं आलं, ते नाकारलं. सप्टेंबर १७८४ मध्ये त्यांनी बार्कलीच्या किल्ल्यातून हायड्रोजनचा फुगा उडवला. छातीत कळ येण्याच्या आजाराचा संबंध हृदयाच्या रोहिण्या कडक होण्याशी आहे, हे ओळखणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते होते. हंटरना हाच आजार आहे हे कळूनही त्यांच्या हयातीत जेन्नर त्यावर फारसे बोलले नाहीत.

शास्त्रज्ञांच्या मानाच्या रॉयल सोसायटीचे सदस्य ते १७८९ मध्ये झाले, आणि गंमत म्हणजे लशीमुळे नव्हे, कोकिळेमुळे. युरोपातल्या कोकिळेचं नुकतं फुटलेलं, डोळेही न उघडलेलं पिल्लू यजमान पक्ष्याची अंडी-पिल्लं पाठीवर घेऊन घरट्याबाहेर ढकलतं, आणि त्यासाठी त्याच्या पाठीत खळगा असतो जो साधारण बाराव्या दिवशी भरून येतो, असं त्यांनी लिहिलं होतं. पुष्कळांनी ते कित्येक वर्षं खोटं ठरवलं. आपल्याकडे कावळ्याच्या घरट्यात वाढणारी कोकिळेची पिल्लं सहसा असं करत नाहीत, त्यामुळे लॉ कॉलेज रस्त्यावरच्या झाडांत हा प्रकार दिसण्याची आशा ठेवू नका. पावशाचं पिल्लू मात्र करतं.

हे सगळं आधी वाचून गेलात तर आतल्या साध्या साध्या कागदांना अर्थ येतो.

आत काय बघायचं?

१७८५ मध्ये जेन्नर यांनी हे घर घेतलं आणि २६ जानेवारी १८२३ रोजी मरण येईपर्यंत ते त्यांचंच होतं. नंतर बरीच वर्षं ते धर्मगुरूंचं निवासस्थान होतं. जपानी दानशूर र्योइची सासाकावा यांच्या देणगीतून ते विकत घेऊन १९८५ मध्ये संग्रहालय झालं.

मांडणी राहत्या घराचीच आहे: अभ्यासिका, त्यातली पुस्तकं, औषधं आणि हत्यारं, कुटुंबाच्या वस्तू, व्यंगचित्रं. व्यंगचित्रांपाशी थांबा. लस घेतलेल्या माणसांच्या अंगातून गायी फुटून बाहेर येताहेत असं जेम्स गिलरेचं १८०२ चं चित्र पाहिलं की लशीबद्दलच्या अफवा व्हॉट्सॲपच्या किती आधीपासूनच्या आहेत ते कळतं.

लान्सेट, म्हणजे टोचायचं छोटं धारदार पातं, नीट निरखा. पुढचं सगळं त्या पात्याभोवती फिरतं. जिच्या फोडांतून पहिली लस आली त्या ब्लॉसम नावाच्या गायीचं म्हणून सांगितलेलं शिंगही बघायला मिळतं. ब्लॉसमची ‘खरी’ शिंगं जगात जरा जास्तच आहेत, तेव्हा त्याकडे भाविकाच्या नजरेनं बघण्यापेक्षा गमतीनं बघावं. तिचं कातडं मात्र लंडनमध्ये टूटिंगला, सेंट जॉर्जेसच्या वैद्यकीय महाविद्यालयात आहे.

जेन्नर यांना जीवाश्मांचंही वेड होतं. १८१९ मध्ये स्टिंचकोंब टेकडीपाशी त्यांना प्लेसिओसॉर या प्राचीन सागरी प्राण्याचे अवशेष सापडले. घराच्या परिसरात ब्रिस्टल विद्यापीठाने उत्खनन करून अँग्लो-सॅक्सन काळातल्या वस्तीच्या खुणा शोधल्या आहेत; हा इतिहास आवडणाऱ्यांनी त्यासाठी वेगळा अर्धा तास ठेवावा.

बागेतली ती झोपडी कसली?

हीच बघायला जायचं. खोल्या घाईत बघितल्या तरी चालेल, झोपडी नको.

ओबडधोबड बांधणीची, शाकारलेल्या छपराची ही बाग-कुटी रेव्हरंड रॉबर्ट फेरीमन या मित्राने बांधून दिली. जेन्नर तिला थट्टेने ‘टेंपल ऑफ व्हॅक्सिनिया’, म्हणजे लशीचं देऊळ, म्हणत आणि तिथे गावातल्या गरिबांना फुकट लस टोचत. अशी सोय सरकारने नव्हे, एका डॉक्टरने स्वतःच्या परसात केली होती. शोध कागदावर राहतो की दंडापर्यंत पोचतो, हे अशा जागांवर ठरतं. आपल्या महापालिकेच्या दवाखान्यात बुधवारी-गुरुवारी बाळं घेऊन रांगेत बसणाऱ्या आयांना ही खोली चट्कन ओळखीची वाटेल.

बागेतच काचघरात द्राक्षाचा वेल आहे. तो हॅम्प्टन कोर्टच्या प्रसिद्ध वेलाच्या कलमापासून वाढवलेला. नाशिक-सांगलीकडचे पाहुणे इथे जास्त रेंगाळतात, हे स्वाभाविकच.

१४ मे १७९६ ला काय झालं? शाळेच्या पुस्तकात दोन ओळी असतात, त्यापलीकडे काय?

आधी काय होतं ते समजलं पाहिजे. देवीच्या रोगात साधारण दर तीन ते पाच रुग्णांमागे एक दगावत असे. जगणाऱ्यांचे चेहरे व्रणांनी भरत, काहींचे डोळे जात. त्यावर जुना उपाय होता: देवी आलेल्या माणसाच्या फोडातला पू किंवा खपली निरोगी माणसाच्या कातडीत टोचायची. आजार सहसा सौम्य यायचा. भारतात, विशेषतः बंगालमध्ये, टीकादार हे काम करत. धोका असा की शंभरांत एक-दोन माणसं त्यातही मरत, आणि टोचलेला माणूस आजूबाजूला खरा रोग पसरवू शके. जेन्नर स्वतः आठ वर्षांचे असताना हे भोगून बसले होते: आधी कितीतरी दिवस उपाशी ठेवणं, रक्त काढणं आणि मग टोचलेल्या मुलांबरोबर कोंडून ठेवणं.

गवळणींना गायीच्या सडांवरचे फोड हाताला लागले की पुढे देवी येत नाहीत, हे गावात ऐकिवात होतं. जेन्नर यांनी ते तपासलं. सारा नेल्म्स या गवळणीच्या हाताला काटा लागून झालेल्या ओरखड्यातून ब्लॉसम गायीचे फोड आले होते. त्यातला द्रव घेऊन त्यांनी आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाच्या, जेम्स फिप्सच्या, हातावर दोन बारीक चिरा पाडून त्यांत लावला. सातव्या दिवशी काखेत दुखू लागलं, नवव्या दिवशी थोडी थंडी वाजली, डोकं दुखलं, भूक गेली. दहाव्या दिवशी पोरगं ठणठणीत. १ जुलैला त्याला खऱ्या देवीचा पू टोचला. देवी आल्या नाहीत. नंतरही अनेकदा टोचून पाहिलं, आल्या नाहीत.

रॉयल सोसायटीने लेख परत पाठवला. पुरावा कमी, म्हणून. जेन्नर यांनी आणखी रुग्ण गोळा केले आणि १७९८ मध्ये २३ नोंदींचं पुस्तक स्वखर्चाने छापलं. पुस्तकातलं साराच्या हाताचं रंगीत चित्र घरात जरूर शोधा. फोडाचा मधला खळगा आणि कडेची निळसर झाक डॉक्टरांना ओळखता यावी म्हणून ते काढलं होतं.

मुलावर असा प्रयोग करणं योग्य होतं का?

आजच्या कुठल्याही नीतिमत्ता समितीने परवानगी दिली नसती. पण त्या काळी त्या मुलाला एरवीही देवीचा पू टोचलाच गेला असता, तो नेहमीचा उपाय होता. नवीन होतं ते आधीचं गायीच्या फोडांचं टोचणं. पुढे जेन्नर यांनी फिप्सला चर्च लेनवरच एक छोटं घर फुकट राहायला दिलं. तेही गल्लीतून चालताना दिसतं.

जेन्नर पहिले होते का?

नाही, आणि घर बघून आल्यावर मित्रांना ‘पहिले’ म्हणून सांगू नका. डॉर्सेटमधल्या बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने १७७४ च्या साथीत बायकोला आणि दोन मुलांना गायीच्या फोडांतला द्रव सुईने टोचला होता. जेन्नर यांचं काम वेगळं: तपासून पाहिलं, लिहून काढलं, एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर लस टिकवत नेता येते हे दाखवलं, आणि मागेल त्याला ती पाठवली. पुढे संसदेने १८०२ मध्ये १०,००० आणि १८०७ मध्ये २०,००० पौंड दिले, ते त्या कामाचे.

चुकाही झाल्या. एकदा टोचलं की जन्मभर संरक्षण, असं ते मानत. प्रत्यक्षात काही वर्षांनी पुन्हा टोचावं लागतं. गायीला हा रोग घोड्याच्या खुरांच्या आजारातून येतो, असं त्यांचं मत होतं. ते बराच काळ हास्यास्पद वाटलं. पण १९०२ च्या एका अमेरिकन लशीचा जनुकीय नकाशा २०१७ मध्ये वाचला तेव्हा ती घोड्याच्या देवीच्या विषाणूला फार जवळची निघाली.

फ्रीज नसताना लस इंग्लंडहून इतक्या दूर कशी पोचली?

सुरुवातीला पोचलीच नाही. दोऱ्याला लावून वाळवलेला द्रव जहाजाच्या उष्ण प्रवासात मरायचा. हुकमी उपाय एकच: साखळी. एका मुलाला टोचायचं, साधारण आठव्या दिवशी फोड टपोरा आणि द्रव स्वच्छ असताना त्यातून घेऊन पुढच्याला. आधी घेतलं तर द्रव पुरेसा नाही. उशीर झाला तर पू झालेला असतो आणि लस ‘उठत’ नाही, म्हणजे लागू पडत नाही. साखळीत एक दुवा तुटला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शिवाय ज्याच्या हातावरून घ्यायचं त्याला उपदंशासारखा रोग असेल तर तोही पुढे जायचा. लंडनच्या देवीच्या रुग्णालयात तर १७९९ मध्ये लशीत खऱ्या देवीचाच द्रव मिसळला गेला आणि लशीची बदनामी झाली.

भारताकडची लस व्हिएन्नातल्या डॉ. जाँ द कारो यांच्यामार्फत, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी आणि तिथून जहाजाने आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली आणि उठली. तिच्या हातावरून पुढची मुलं, आणि मग हातोहात पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. पुण्यात लस आली तेव्हा शनिवारवाड्यात पेशवाई होती आणि पलीकडे बार्कलीत जेन्नर झोपडीत बसून टोचतच होते. पुढे वासराच्या कातडीवर लस वाढवायची पद्धत आली आणि माणसामाणसांची साखळी संपली; मुंबई इलाख्यासाठी ही लस बेळगावच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटमध्ये बनत असे.

आजोबांच्या हातावर जुना डाग आहे. तो देवीचाच का?

बहुधा. भारतात देवीची सरसकट लस १९७० च्या दशकाअखेर थांबली, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्यांच्या दंडावर किंवा हाताच्या खालच्या भागावर तो दिसतो: पसरट, खोलगट, कडेला बारीक रेषा. लहान, गोल, थोडा उंच डाग डाव्या दंडावर असेल तर तो बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा. जुन्या डागांत फरक आहे, कारण हत्यारं बदलली. आधी कातडीवर ठेवून फिरवायचं दातेरी गोल यंत्र होतं, त्याने जखम मोठी व्हायची आणि ते दुखायचं. साठच्या दशकात दोन टोकांची सुई आली. ती लशीत बुडवली की दोन टोकांच्या मधे ०.००२५ मिलिलिटरचा थेंब धरून राहतो. मग कातडीवर १५ टोचे. शिकायला दहा-पंधरा मिनिटं पुरत, लसही कमी लागे. देवी संपवण्यात या सुईचा आणि उष्णतेत टिकणाऱ्या कोरड्या लशीचा वाटा मोठा.

भारतातली शेवटची रुग्ण सायबान बीबी मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजला सापडली. जगातला नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवी संपल्याचं जाहीर केलं. आजी-आजोबांना घेऊन गेलात तर ही कहाणी फलकापेक्षा त्यांच्या हातावर जास्त चांगली दिसते. नातवंडांना तिथेच दाखवा.

पुण्याचा आणि जेन्नर यांचा काही संबंध?

एक अगदी ताजा आहे. २०२१ मध्ये आपल्यापैकी बहुतेकांनी घेतलेली कोविशील्ड ऑक्सफर्डच्या जेन्नर इन्स्टिट्यूट आणि ऑक्सफर्ड व्हॅक्सिन ग्रुपमध्ये विकसित झाली आणि बनली आपल्याकडे, मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणू वेगळा केला तोही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने. या दोन्ही संस्था हौशी पाहुण्यांसाठी उघड्या नसतात, तेव्हा ‘तिकडे जाण्यापेक्षा इथेच बघू’ हा पर्याय नाही.

दुसरा संबंध कडू आहे. १८५३ मध्ये इंग्लंडात लस सक्तीची झाली आणि १८८५ मध्ये लेस्टरला त्याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. लेस्टरच्या मोर्च्याबद्दल वाचताना पुणेकराला १८९७ चा प्लेग, घरांच्या झडत्या आणि गणेशखिंड रस्ता आठवल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडचा राग लशीपेक्षा सोजिरांच्या वागण्यावर होता, हा फरक ध्यानात घ्यावा.

लहान मुलांना नेऊ का?

आठ वर्षांवरच्या मुलांना जरूर. फिप्सही आठच वर्षांचा होता, म्हणून ती गोष्ट त्यांना लागते. त्याहून लहान मुलांना बाग पुरते. देवी आलेल्या रुग्णांची चित्रं भेसूर असतात, घाबरणाऱ्या मुलाला आधी कल्पना द्या. एखादं मूल ‘आता मलाही टोचणार का’ म्हणून रडतं. ‘नाही, ही लस आता मुलांना टोचत नाहीत’ हे त्याला ठामपणे सांगता येतं.

गुडघ्यांचा त्रास आहे, चालेल का?

घर अठराव्या शतकातलं, वर जायला जिने. बाग आणि झोपडी बघायला जिना लागत नाही, पण पावसात वाटा निसरड्या होतात. चपला नकोत, तळवा पकडणारे बूट घाला. चाकाची खुर्ची असेल तर आठवडाभर आधी संग्रहालयाला ई-मेल करा. छोट्या संस्थांकडे माणसं थोडी असतात, पण आधी कळवलं तर ती मदतीला हजर राहतात.

जेवणाचं काय?

गाव लहान आहे. चहा आणि सँडविच मिळेल. शाकाहारी पोटभर जेवण मिळेलच असं नाही, आणि रविवारी दुपारनंतर पुष्कळ ठिकाणची स्वयंपाकघरं बंद होतात. मेथीचे पराठे किंवा धपाटे बरोबर घ्या. घरात खायचं नाही; बागेत बसून खाल्लं तर चालेल का ते दारातच विचारा. पाण्याची बाटली नळाखाली भरली तरी चालते, तिकडचं नळाचं पाणी पिण्याचं असतं.

गावात आणखी काय?

सेंट मेरीज चर्च चुकवू नका. जेन्नर यांची समाधी वेदीजवळच्या भागात आहे. या चर्चचा घंटा-मनोरा इमारतीपासून सुटा, वेगळा उभा आहे. किल्ल्यात १३२७ मध्ये राजा दुसरा एडवर्ड मारला गेला असं मानतात. मोटार असेल तर स्लिमब्रिजचं पाणपक्षी केंद्र जवळ आहे. पीटर स्कॉट यांनी ते १९४६ मध्ये सुरू केलं. पण तिथे अर्धा दिवस जातो, त्यामुळे रेल्वेने आलेल्यांनी तो मोह टाळावा.

बार्कली जमलंच नाही, लंडनमध्ये काही बघता येईल?

केन्सिंग्टन गार्डन्समधल्या इटालियन गार्डन्समध्ये जेन्नर यांचा बसलेला पुतळा आहे. तो आधी ट्रफाल्गर चौकात होता, १८६२ मध्ये इकडे हलवला. त्यांच्या गुरूंच्या संग्रहाचं हंटेरियन म्युझियम लिंकन्स इन फील्ड्सला आहे, प्रवेश फुकट. बरण्यांत ठेवलेले अवयव बघवत नसतील तर मात्र जाऊ नका.

परतीची गाडी चुकली तर?

कॅम अँड डर्सलीहून गाडी साधारण तासाला एक असते, तेव्हा घाबरू नका. पण ॲडव्हान्स तिकीट असेल तर ते बाद झालं असं धरा आणि नवीन काढा. टॅक्सी आली नाही तर संग्रहालयाच्या खिडकीशी मदत मागा. उशीर होणारच असं दिसलं तर ब्रिस्टल पार्कवेऐवजी ग्लॉस्टरच्या दिशेची गाडी आधी येते का पाहा. तिकडूनही पॅडिंग्टनची गाडी मिळते. आणि फोनची बॅटरी दुपारीच संपवू नका, तिकिटं बहुतेक त्याच्यातच असतात.